इस्क्रा हसतेय

कॅमेऱ्यासमोर उभी राहिली की इस्क्रा अगदी लांडगीण दिसायची, फक्त तिची शेपटी कुणाचं ऐकत नसे. तिच्या पणजीच्या पिढीत कधीतरी खरंच लांडग्याचं रक्त आलेलं. तोंड निमुळतं, डोळे पिवळे, आणि चाल अशी की बर्फावर सगळे ठसे एका रेषेत पडावेत. पण माणसं दिसली रे दिसली की शेपटी सुरू. आता, पोराच्या मागावर निघालेली भुकेली लांडगीण पडद्यावर शेपटी हलवायला लागली तर लोक हसतील नाही तर काय! म्हणून ब्लाझेना तिच्या शेपटीखाली, दाट केसांत लपेल असा, मासे धरायच्या गळाला लावतात तो शिशाचा गोळा दोऱ्याने बांधायची. बांधता बांधता कानात सांगायची, एवढी दहा मिनिटं कळ काढ राणी, मग सोडते.

हे सगळं तिला वडिलांनी शिकवलेलं. डोंगराखालच्या त्या गावात आधी त्यांची कुत्री सिनेमातले लांडगे व्हायची, आता हिची. नवरा वाव्रो ट्रक घेऊन जर्मनीला जायचा, तो एक रविवार सोडून एका रविवारी घरी. बाकीच्या दिवसांत घरात ब्लाझेना, तिची पाच वर्षांची टेक्ला, आणि मागल्या दारी राहणारे म्हातारे सासरे गेझा.

टेक्ला जन्मली त्याच वर्षी इस्क्रा पिल्लू म्हणून घरात आली. एक दूध पिणारी, एक बूट चावणारी. ब्लाझेनाला शिकवायला वेळ मिळायचा तो पोर डोळा मिटेल तेव्हा, आणि पोर काही केल्या डोळा मिटायची नाही. मग काय, पोरीला कडेवर मारून, एप्रनच्या खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे ठेवून ती स्वयंपाकघरातच इस्क्राला शिकवायची. 'दात' म्हणायचं, अंगठ्याने तिचा वरचा ओठ हळूच उचलायचा, की लगेच कलेजी. तीन महिन्यांनी नुसतं 'दात' म्हटलं तरी इस्क्रा असे सुळे बाहेर काढी की पोस्टमन फाटकाबाहेरूनच पत्रं टाकून जाई.

कडेवरची टेक्ला हे बघून खिदळायची. बोलायला लागली तसं तिने त्याला नावही दिलं. "आई, इस्क्रा हसतेय." ब्लाझेनाला ते इतकं गोड वाटलं की तिने ते कधी सुधारलं नाही. उलट वाव्रोला फोनवर ऐकवलं, शेजारणींना सांगितलं. पुढे पुढे टेक्ला स्वतःच खिशात हात घालायची, इस्क्रा दात विचकायची, ही तिच्या तोंडात कलेजी भरवायची. नाताळात घरी आलेली आत्या ते बघून किंचाळली, तेव्हा पोर हसून हसून जमिनीवर लोळली होती.

त्या मार्चमध्ये राडोवान नावाचा एक तरुण दिग्दर्शक माणसं, दिवे, गाड्या घेऊन डोंगरावर आला. गोष्ट अशी की हिवाळ्यात रानात चुकलेली एक मुलगी लांडगिणीच्या कपारीपाशी जाऊन पोहोचते. मुलीचं काम करणारी शहरातली नऊ वर्षांची नटी चुणचुणीत होती, पण तिच्या आईने इस्क्राचे दात पाहिले आणि स्पष्ट सांगितलं, माझी लेक वीस पावलांच्या आत जाणार नाही. तेव्हा पाठमोऱ्या शॉटपुरती टेक्लाला उभं करायचं ठरलं. नटीचा मेंढीच्या कातड्याचा कोट तिला घोट्यापर्यंत आला. टोपडं ओढल्यावर तर आत कोण आहे हे आईलाही कळू नये.

सकाळी दोनदा शॉट झाला. दोन्ही वेळा राडोवानने छोट्या पडद्यावर तो पाहिला आणि मान हलवली.

"बाई, दात झकास आहेत हो. पण डोळे बघा जरा. डोळे विचारतायत, सॉसेज कुठंय?"

खरंच होतं ते. इस्क्राचे सुळे बाहेर आणि नजर ब्लाझेनाच्या खिशावर. भोवतीची मंडळी हसली. ब्लाझेनाही हसली, पण तिला ते लागलं. वडिलांच्या कुत्र्यांना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

इस्क्राला चार आठवड्यांची चार पिल्लं होती. दर दोन-तीन तासांनी पाजायला लागायचं, म्हणून ब्लाझेनाने ती गवताच्या पेटीत घालून गाडीतूनच आणली होती. राडोवानला हे कुणीतरी सांगितलं. त्याने तिला बाजूला घेतलं, आवाज मऊ केला. एकच पिल्लू कपारीत आत ठेवू, इस्क्रा तोंडाशी उभी राहील, डोळे आपोआप खरे होतील. पाच मिनिटांचं काम.

गेझा थर्मास घेऊन ओंडक्यावर बसले होते. चाळीस वर्षं शिकार केलेला माणूस, सिनेमाचं त्यांना हसू यायचं. त्यांच्या कानावर हे पडलं तसे ते उठले.

"पोरी, खोटे दात पाहिजेत म्हणूनच कुत्री आणतात ना हे लोक? मग आता खरे कशाला मागतायत?"

"बाबा, समोर टेक्ला असणार आहे," ब्लाझेना म्हणाली. "टेक्लाला ती आपल्या पिल्लांतच मोजते."

यात खोटं काही नव्हतं. पिल्लं जन्मली त्या दिवसापासून पेटीत हात घालायची परवानगी दोघींनाच होती, ब्लाझेनाला आणि टेक्लाला. वाव्रोवरसुद्धा इस्क्रा गुरगुरली होती. ब्लाझेनाने स्वतःच्या हाताने पिल्लू कपारीत ठेवलं. फक्त वाऱ्याकडे तिचं लक्ष राहिलं नाही. वडील असते तर आधी ओलं बोट वर धरून वारा बघितला असता. दिव्यांसाठी जागा बदलली होती, आणि आता वारा कपारीकडून पोरीकडे वाहत होता. टेक्लाचा वास इस्क्रापर्यंत पोहोचणार नव्हता. तिच्यापर्यंत पोहोचत होतं ते एवढंच, आतून पिल्लाचं कुईकुई, समोर दिवे, अनोळखी माणसांची रांग, आणि परक्या कोटात तोंड झाकून चालत येणारं काहीतरी.

'दात' म्हणायची वेळच आली नाही. टेक्ला दहा पावलं चालली आणि इस्क्राचा ओठ आपोआप वर गेला.

कॅमेऱ्यामागे कुणीतरी श्वास आत ओढला. राडोवानने हाताची मूठ वळली, खुशीत. ब्लाझेनाने मात्र आधी शेपटी पाहिली. शिशाच्या गोळ्याचा दोरा सैल लोंबत होता. शेपटी स्वतःहून ताठ झाली होती, जराही हलत नव्हती. कान मागे चिकटलेले. गुरगुर नाही, आवाज नाही, श्वासच थांबलेला. खिशाकडे तर बघतही नव्हती.

ओरडावं तर इस्क्रा झेप घेईल. धावावं तर टेक्ला दचकून पळेल, आणि पळणाऱ्याच्या मागे कुत्रं जातंच. ब्लाझेना बर्फात खाली बसली. आणि घरात जेवायला हाक मारावी त्या आवाजात म्हणाली, "टेक्ला, मोठा तुकडा माझ्याकडे राहिलाय. चालत ये बघू इकडे."

टोपड्यातून आवाज आला, "माझ्याकडे आहे की! थांब ना आई, ती हसतेय."

आणि तिने हात पुढे केला.

कुणाला नीट दिसलं नाही. दातांवर दात आपटल्याचा आवाज आला, आणि टेक्लाचा हातमोजा इस्क्राच्या तोंडात लोंबला. पण "ती हसतेय" हा आवाज कुत्रीच्या कानात गेला होता, नाहीतर मोज्यावर भागलं नसतं. इस्क्राने मोजा टाकला. कान पुढे आले, मग पुन्हा मागे पडले, या वेळी ओशाळून. ती वळली, पिल्लाला मानेशी धरून कपारीत आणखी आत जाऊन बसली.

तोवर ब्लाझेना पोरीपाशी पोहोचली होती. उघड्या पंजावर दोन दातांचे खळगे उमटलेले, लालसर. रक्त नव्हतं. तिने तो हात स्वतःच्या तोंडाशी धरून फुंकर घातली, मग गळ्याशी, स्वतःच्या जाकिटाच्या आत घेऊन गच्च धरून ठेवला.

मागे टाळ्या वाजत होत्या. राडोवान धावत आला, डोळ्यांत पाणी वगैरे. असा शॉट त्याने आयुष्यात पाहिला नव्हता म्हणे. जरा थांबून त्याने विचारलं, अगदी अजिजीने, की प्रकाश आहे तोवर आणखी एकदा जमेल का.

"कोट घ्या तुमचा," ब्लाझेना म्हणाली. पोरीच्या अंगातून तो काढून तिने त्याच्या हातात दिला आणि टेक्लाला स्वतःच्या जाकिटात गुंडाळून गाडीकडे चालू लागली.

गेझांनी पिल्लू आणि इस्क्रा दोघांना आणलं. सगळी गाडीत बसून घराकडे निघाली. शिकाऱ्यांच्या घरात पोरावर दात टाकलेल्या कुत्र्याचं काय करतात हे ब्लाझेनाला ठाऊक होतं, आणि ते तेच बोलतील म्हणून ती वाट बघत होती. ते म्हणाले इतकंच, "तिची काही चूक नाही."

टेक्ला मधल्या सीटवर बसून बिस्किट खात होती. घाबरलेली नव्हतीच ती. उलट आजोबांना समजावत होती, "तिला कलेजी पाहिजे होती ना, म्हणून चुकून मोजा घेतला." मग म्हणाली, "तो कोपऱ्यावरचा साखळीतला कुत्रा पण हसतो माझ्याकडे बघून. रोज हसतो. त्याला कुणी कलेजीच देत नाही. मी देणार आहे."

ब्लाझेनाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. कोपऱ्यावरच्या त्या कुत्र्याने मागच्या उन्हाळ्यात दूधवाल्याच्या पोटरीचा लचका तोडला होता. आणि सप्टेंबरपासून टेक्लाला त्याच फाटकावरून शाळेत जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इस्क्रा पिल्लांना पाजत असताना, ब्लाझेना स्वयंपाकघराचं दार लावून पोरीसमोर फरशीवर बसली. तोंडाने सांगून झालं होतं, दोनदा. टेक्लाने दोन्ही वेळा हो म्हटलं होतं, आणि तिच्या हो म्हणण्यावरूनच कळत होतं की काही कळलेलं नाही.

"आता मी कुत्री," ब्लाझेना म्हणाली. "बघ हं."

तिने दात दाखवले, डोळे मिचकावत. टेक्ला खिदळली आणि पावाचा तुकडा तिच्या तोंडात कोंबला.

"बरोबर. आता हे."

ब्लाझेनाने श्वास रोखला. नाकपुड्या ताणल्या, ओठ वर नेला, मान खाली घातली, आणि नजर पोरीच्या नजरेत घालून तिथेच ठेवली. टेक्ला हसली. पावाचा दुसरा तुकडा घेऊन एक पाऊल पुढे आली. ब्लाझेना हलली नाही. काल बर्फात तिच्या पोटात जे उठलं होतं ते तिने तिथून वर येऊ दिलं, चेहऱ्यावर येऊ दिलं.

टेक्लाचं हसू अर्धं राहिलं.

"आई?"

ब्लाझेनाने ओठ आणखी वर नेला.

"आई, हे नको करू."

हे थांबवावं, तिला उचलून पोटाशी धरावं म्हणून ब्लाझेनाचे हात शिवशिवत होते. तिने ते फरशीवर दाबून धरले. पोरीचा खालचा ओठ थरथरला. पाव हातातून पडला. मग तिचा उजवा पाय, लोकरी मोज्यातला, एक वीत मागे सरकला. ब्लाझेनाने तोंड मिटलं नाही. दुसराही पाय मागे गेला, पाठ दाराला टेकली, आणि टेक्ला मोठ्याने रडायला लागली, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

"झालं," ती म्हणाली. "झालं गं, संपलं. अस्संच करायचं. अस्संच मागे सरायचं. ये."

तिने हात पसरले. टेक्लाला यायचं होतं, ते दिसत होतं. पण ती दाराशीच उभी राहिली, हुंदके देत, आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली. बराच वेळ तिने ते तोंड नीट न्याहाळलं. मग एकेक पाऊल टाकत कुशीत आली.