भवानीचे साडेअठरा हजार

सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी चारुताच्या चालू खात्यातून पैसे जायचे बंद झाले. दिवाळीला आठवडा उरला होता. पैठणचा विणकर बद्रीनाथ याला बेचाळीस हजार पाठवायचा तिने तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा फोनने तेच उत्तर दिले. चौथा प्रयत्न न करता तिने चपला घातल्या आणि रिक्षाने बँक गाठली.

बँकेतल्या साहेबांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या खात्यात आलेले साडेअठरा हजार कुणाला तरी फसवून काढलेले होते. त्या माणसाने त्याच्या राज्यातल्या सायबर पोलिसांत तक्रार दिली, आणि पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले ती सगळी खाती गोठली. तक्रार साडेअठरा हजारांची होती, अडकले मात्र खात्यातले सगळे एक लाख बारा हजार. तिकडच्या पोलिसांचे ना-हरकत पत्र येईपर्यंत बँकेच्या हाती काही नव्हते. किती दिवस लागतील, असे तिने विचारले. सांगता येत नाही, म्हणत साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. यापुढे पेमेंट गेटवे घ्या, असेही सुचवले. तिथे पैसे आधी छाननीतून जातात आणि दोन दिवसांनी खात्यात पडतात. मात्र त्याच्या नोंदणीला चालू असलेले खाते लागते.

साडेअठरा हजार हा आकडा ऐकल्यावर चारुताला बिल शोधावे लागले नाही.

सासऱ्यांचे गुलमंडीत कापडाचे दुकान होते. ते गेले, भाड्याचा गाळा सुटला, आणि गेली चार वर्षे चारुता गारखेड्यातल्या घरातून फोनवर पैठण्या विकत होती. कपाटाच्या दाराला आतून तिच्या नियमांचा कागद चिकटवलेला होता. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेत दिसले तरच आले, हा पहिला नियम. तो एक किरमिजी साडी गमावून शिकलेला. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, हा दुसरा. त्याला सात हजार पडले. पाठवणारा आणि मागवणारा एकच हवा, नसेल तर पैसे आले त्याच खात्यात परत, हा तिसरा. तो दुसऱ्या एका विक्रेतीच्या अनुभवावरून फुकट मिळाला होता. नेमका तोच मोडला गेला.

पितृपक्षात साडी कोण घेतो? पंधरा दिवस फोन मुका होता. घटस्थापनेच्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ऋतुराज नावाच्या गिऱ्हाइकाने साडी मागवली. पाठोपाठ पैसेही आले, पण कुणा बाईच्या नावाने. मावशीच्या खात्यातून पाठवले, असे तो म्हणाला. चारुता पैसे परत करायला लागली तेव्हा सासूबाई, अनसूयाबाई, शेजारी घटासाठी धान्य पेरत बसल्या होत्या. त्यांची चाळीस वर्षे दुकानाच्या गल्ल्याजवळ गेली होती. दिवसाची पहिली कमाई ती भवानी. ती डोळ्यांना लावायची, परत करायची नाही.

"भवानी माघारी धाडतेस? घट बसायच्या दिवशी?" त्या म्हणाल्या. मातीचे हात पदराला पुसून त्यांनी फोन घेतला आणि कपाळाला लावला.

चारुताने साडी पाठवली. पत्ता एका लॉजचा होता.

सोमवारी दुपारी बद्रीनाथचा फोन आला. त्याचे दोन माग म्हणजेच तिचे दुकान. मागावर तयार असलेली मोरपंखी पैठणी पुण्याच्या मोनाली मॅडमसाठी होती. चारुताने त्याला दहा हजार इसार दिला होता. उरलेले पैसे हातात पडल्याशिवाय तो मागावरून साडी कापत नसे, आणि मोनाली मॅडम कापलेली साडी पाहिल्याशिवाय पैसे देणार नव्हत्या. आजवर मधली फट चारुताच्या खात्यातल्या पैशांनी बुजत आली होती. तिने सगळे खरे सांगितले.

"ताई, तुमच्यावर भरोसा हाय, नाय असं नाय," बद्रीनाथ म्हणाला. "पर येवल्याचा यापारी दोनदा येऊन गेला. आता तो नुस्ती साडी नाय, दोन्ही माग मागतोय सालभर. बेस्तरवारी सांजच्याला पुन्हा येनार हाय."

तो थांबणार होता तो तेवढाच, गुरुवार संध्याकाळपर्यंत.

मंगळवार कागद जमवण्यात आणि खाते गोठल्याचे बँकेचे पत्र आणण्यात गेला. बिल, कुरिअरची पावती आणि गिऱ्हाइकाशी झालेला संवाद तिने तिकडच्या पोलिसांना ईमेलने पाठवला. पोच आली नाही. फोन कुणी उचलला नाही. बुधवारी तिने अनसूयाबाईंच्या पेन्शन खात्याचा क्यूआर कोड मोनाली मॅडमना पाठवला आणि या वेळी पैसे आधी द्यावेत अशी विनंती केली. दहा मिनिटांत उत्तर आले. नाव वेगळे दिसते आहे, नाव जुळल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही, राग मानू नये.

चारुताने राग मानला नाही. तिने कपाटाचे दार उघडले, कागद वाचला आणि दार लावून घेतले.

रात्री जेवताना अनसूयाबाईंनी भात चिवडत विचारले, "ते पैसे तेव्हाच परत केले असते तर काय झालं असतं गं?"

"काही झालं नसतं, आई."

चारुताने ताटे उचलली.

गुरुवारी दुपारपर्यंत एकच वाट उरली. मॅडमनी पैसे थेट बद्रीनाथलाच, त्याच्याच नावाने पाठवावेत. नाव जुळले असते, मॅडमना मागावरची साडी व्हिडिओवर पाहता आली असती. पण विणकराचे घर गिऱ्हाइकाला दाखवायचे नाही, ही गुलमंडीतली पहिली शिकवण. दोघे एकमेकांना सापडले की मधल्या माणसाचे काम संपते. तिने अनसूयाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "माझं ऐकून एकदा पाहिलंस. आता तुझं कर."

चार वाजून दहा मिनिटांनी तिने मोनाली मॅडमना सगळी हकीकत लिहिली, बँकेच्या पत्राचा फोटो जोडला, आणि खाली बद्रीनाथचे पूर्ण नाव आणि नंबर दिला. या साडीमागे आपल्याला सुटणाऱ्या सहा हजारांचा उल्लेख केला नाही. मग बद्रीनाथला कळवले. त्याने बरं म्हटले.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी तिने त्याला फोन लावला. तो दुसऱ्या कॉलवर होता. मोनाली मॅडमना लावला. त्याही दुसऱ्या कॉलवर होत्या. तिने पोलिसांचे उत्तर आले का ते पाहिले. नव्हते.

पाच वाजून एक्कावन्न मिनिटांनी तिने दोन्ही नंबर पुन्हा लावून पाहिले. दोन्ही व्यस्त होते.