सोमाजीच्या गळ्यातली घुंगुरमाळ

“टाक की पान, घुंगऱ्या! का माळ आठवली?” सोमाजीनं डोळा मारला आणि देवळाच्या ओट्यावर हशा पिकला.

भगवंतानं मान वर केली नाही. हातात दोनच पानं उरली होती, हुकमाचा एक्का आणि हुकमाची राणी. मेंढीकोटाच्या या डावातले आतापर्यंतचे सगळे हात त्यानं आणि त्याचा भिडू गेणभाऊनं घेतले होते. उरलेले दोनही आले, की बावन्नी कोट. निमगावात कोट खाणाऱ्याच्या गळ्यात बैलाची घुंगुरमाळ घालून त्याला वेशीपर्यंत चालवायची रीत होती.

एकोणनव्वदच्या यात्रेत ती माळ सोमाजीनंच त्याच्या गळ्यात घातली होती. नेमकी तेव्हाच आळे गावची मंडळी नवरामुलगा म्हणून त्याला बघायला वेशीतून आत येत होती. तरी साळुबाई त्याच्या घरी आली, नांदली, लेक झाली. नाव मात्र गेलं नाही. गिरणीत घुंगऱ्या, डेअरीत घुंगऱ्या. शाळेच्या वाटेवर पोरं अक्षदाच्या मागून ‘छुन छुन’ करायची. पिकाला पाण्याची दारं धरताना, मोटार लावताना भगवंत मनात हाच डाव खेळत आला होता. आता अक्षदाला बघायला पाव्हणे येणार होते. वेशीत ते घर विचारतील, तेव्हा कुणी काय नाव सांगेल? त्याआधी ते नाव सोमाजीच्या गळ्यात बांधायचं होतं.

गेणभाऊनं हुकमाची दुर्री उतरली. सोमाजीनं नव्वी टाकली. बाहेर हुकमाचं एकच पान राहिलं, बादशा. सोमाजीकडे, की त्याचा भिडू सावळेरामकडे?

एक्का आपटावा म्हणून हात शिवशिवला. त्या यात्रेत सोमाजीनं तसाच आपटला होता, ओटा दणाणला होता. बादशा सावळेरामकडे असेल तर एक्क्याखाली पडेल. पण सोमाजीकडे असला, तर शेवटी राणीला खाईल.

मघाशी सावळेरामचं किलवर संपलं होतं. हुकूम असता तर त्यानं तेव्हाच हात मारला असता. त्यानं चौकट फेकली होती.

भगवंतानं राणी टाकली, तान्ह्या लेकराला पाळण्यात ठेवावं तशी.

सावळेरामनं बदामाची सत्ती टाकली.

“आता दाव, सोमाजी,” भगवंत एक्का ठेवत म्हणाला. “ईस वर्सं वाट पाह्यलीय.”

सोमाजीच्या हातून बादशा पडला. भगवंतानं खुंटीवरची माळ काढली आणि त्याच्याकडे पाहत राहिला. त्याला ती मान खाली गेलेली बघायची होती.

“आण इकडं, मर्दा! लई दिस झालं गळ्यात काय न्हाई!” सोमाजीनं माळ हिसकून स्वतःच घातली. “भिर्रर्र!” म्हणत शर्यतीच्या बैलासारखा उधळला. म्हातारा नाचत निघाला, तशा बाया हसत दारात आल्या, कुणी गुलाल टाकला.

त्याच्यापुढं पोरं ओरडत पळत होती, “घुंगऱ्यानं कोट दिला! घुंगऱ्यानं कोट दिला!”

ओट्यावर भगवंत एकटाच पानं गोळा करत राहिला. वेशीकडं घुंगरं वाजत होती, गोड वाजत होती.

“घुंगऱ्या, च्या घे राव. आज जिकलास!” हॉटेलवाल्यानं हाक मारली.

भगवंतानं राणी गड्डीत घातली.

“ठेव तिथं,” तो म्हणाला.