शेवटची बस जाईपर्यंत

ओला खडू लिहिताना दिसत नाही. काळ्या फळ्यावर तो नुसती पाण्याची रेघ ओढत जातो आणि बघणाऱ्याला वाटतं, ह्या माणसानं एवढा वेळ लिहिलं तरी काय? मग माळावरचं सकाळचं कोवळं ऊन फळ्यावर उतरतं, पाणी उडून जातं आणि एकेक अक्षर पांढरंशुभ्र होत सावकाश वर येतं. रशीद सर म्हटलं की मला आधी हे आठवतं. शाळेच्या फाटकाशी पाठमोरा उभा असलेला, उंच, खांद्यात किंचित वाकलेला माणूस. डाव्या हातात स्टीलची वाटी, उजव्या हाताच्या तीन बोटांत खडू, आणि त्याच्यामागं अक्षर उजळायची वाट बघत, श्वास रोखून उभी असलेली दहा-वीस लेकरं.

आमची शाळा धाराशिवच्या बाहेर, जिथं बाभळीसुद्धा विचार करून उगवतात अशा एका उजाड माळावर आहे. नावात इंटरनॅशनल आहे, म्हणून फाटकावर पाच देशांचे झेंडे आहेत. त्यातला एक कुठल्या देशाचा, हे भूगोल शिकवत असूनही मला वर्षभर कळलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. परिपाठात पोरं इंग्रजीतून जगाच्या बातम्या वाचायची. कुठल्या राजधानीत बर्फ पडलं, कुठल्या राणीनं कुणाला मेजवानी दिली, हे आमच्या चौथीतल्या पोराला पाठ असायचं. वाचून झालं की टाळ्या व्हायच्या आणि सगळे आपापल्या वर्गात जायचे.

पण खरी बातमी त्याच्या आधीच फाटकाशी होऊन गेलेली असायची. रशीद सर चित्रकलेचे शिक्षक. फाटकाच्या आत, पूर्वेकडं तोंड करून टांगलेला तो लाकडी फळा त्यांच्या ताब्यात होता. शाळा सुरू झाली तेव्हा त्यावर सुविचार लिहायचं ठरलं होतं. सरांनी चार दिवस सुविचार लिहिले, पाचव्या दिवशी बसमधून उतरलेल्या पहिल्या पोराला थांबवून विचारलं, "बोल बेटा, काय खबर?" त्या पोराचा पुढचा दात पडला होता आणि घाबरून त्यानं तो गिळला होता. सरांनी ते जसंच्या तसं लिहिलं, खाली त्याचं नाव घातलं. त्या दिवशी अख्खी शाळा फळ्यापुढं उभी राहून हसली आणि तो पोरगा दिवसभर कॉलर ताठ करून फिरला. सुविचार त्यानंतर कुणी मागितला नाही.

नियम सरांनीच केले. बातमी आपली स्वतःची पाहिजे, आपल्या घरची, आपल्या गल्लीची, आणि खरी. "टीव्हीवरची नगं मला, ती सगळ्यांकडं हाय. तुझी सांग." तेरहून येणाऱ्या अल्फियाच्या शेळीला दोन करडं झाली, एक काळं आणि एक ठिपक्यांचं. सिद्धार्थच्या ताईचा नर्सिंगला नंबर लागला. हॉस्टेलमधल्या, सोनारीच्या विराजला काल आईचा फोन आला आणि तो रडला नाही. अशा ओळी. पोरांच्या तोंडचे शब्द सर बदलत नसत. फक्त त्यांना असा काही डौल देत, अशा काही वेलांट्या आणि मात्रा देत, की ठिपक्यांचं करडूसुद्धा दरबारात उभं केल्यासारखं दिसायचं. आणि शेवटचा नियम त्यांनी स्वतःसाठी केला होता. संध्याकाळी शेवटची बस फाटकाबाहेर पडली की मगच फडकं ओलं करायचं. लेकरू शाळेत असेपर्यंत त्याचं नाव पुसायचं नाही.

त्यांचे वडील लोहाऱ्यात पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरची नावं, शटरवरचे गणपती आणि मक्का-मदिना, सगळं एकाच ब्रशनं, एकाच मायेनं रंगवणारे. सर सांगायचे, अब्बा पाटी लिहून झाली की रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड बघायचे. वाचताना माणूस थांबला तर पाटी जमली. सरांनी ती खोड उचलली होती. लिहून झालं की तेही चार पावलं मागं सरायचे, वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून मिशी सारखी करायचे आणि पोरांची तोंडं बघायचे. फार देखणं दृश्य असायचं ते. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ विद्वान पाहिले, पण आपल्या कामाकडं इतक्या निवांतपणे मागं सरून बघणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

त्यांना साधू-संत करून ठेवायची माझी इच्छा नाही. आपल्या 'र'चा त्यांना भलता गर्व होता. कुणी फळ्याला टेकलं तर दिवसभर तोंड फुगवून बसायचे. स्टाफरूममध्ये माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता घ्यायचे आणि वर "मीठ कमी हाय, मॅडम" म्हणायचे. एकदा मी घाईत, अक्षर वाळायच्या आधीच, "सर, काय लिहिलंय?" असं विचारलं, तर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "घाई न्हाय चालत ह्याला. वाळू द्या, मग वाचा." मला राग आला होता. आता येत नाही.

राग येतो तो त्या दिवसाचा.

दुसऱ्या देशातल्या कुठल्याशा शाळेचे पाहुणे अकरा वाजता यायचे होते. आठवडाभर आमची परेड चालली होती. झाडांना चुना लावला, पोरांना बूट चमकवायला लावले, कुंड्या भाड्यानं आणल्या. त्या सकाळी तिसरीतली कार्तिकी उशिरा आली. तिची बस चुकली होती; वडिलांनी मोटरसायकलवर आणून सोडलं होतं. फ्रॉकची खालची कड ओली, हाताला पाण्यात फार वेळ राहिल्याच्या सुरकुत्या, आणि चेहरा असा फुललेला, की उशिरा आलेल्यांच्या रांगेत उभं राहायला लागल्याचं तिच्या गावीही नव्हतं. सर फळा संपवून वाटी धूत होते. त्यांनी तिला बघितलं आणि रांगेपाशी गेले. "काय खबर?"

फळा भरला होता. अगदी तळाशी, चार बोटं जागा होती, तिथं त्यांनी उकिडवं बसून लिहिलं. आज आमच्या गल्लीत पाणी सुटलं. घरातली सगळी भांडी भरली, वाट्यासुद्धा, मग मी आले. कार्तिकी, तिसरी.

ती ओळ वाळून उजळत असतानाच आमच्या कोऑर्डिनेटर मॅडम तिथं आल्या. बाई वाईट नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा वेळी एखादा राक्षस शोधला की आपली सुटका होते. त्यांनी ओळ वाचली आणि कपाळाला हात लावला. "सर, आज गेस्ट्स येतायत. पाणी आलं ही काय बातमी असते? काय वाटेल त्यांना, आपण कुठं राहतो?"

"मॅडम, ज्याच्या घरी आलं त्याला इचारा, बातमी हाय का न्हाय ते."

"पुसा ते, प्लीज."

"लेकराचं नाव म्या बस गेल्याबिगर पुसत न्हाय. तुमाला ठाव हाय." आवाज चढला नव्हता. उलट इतका हळू होता, की मला पुढं झुकून ऐकावं लागलं. हजेरीचं पुस्तक छातीशी धरून मी दोन पावलांवर उभी होते.

मॅडमनी इकडंतिकडं पाहिलं. शिपाई कुंड्या हलवत होता. मग त्यांची नजर रांगेतल्या कार्तिकीवर गेली. वाटी पुसून ओलं झालेलं फडकं सरांच्या खिशातून बाहेर लोंबत होतं, ते त्यांनी काढून घेतलं आणि तिच्या हातात दिलं. "बेटा, तुझंच आहे ना हे? मग तूच पूस. गुड गर्ल."

आणि ती पुसायला लागली. ओळ तळाशी होती, तिचा हात सहज पोचत होता. तिनं मन लावून पुसलं, घरी भांडी विसळावीत तसं, कडेकडेनं, आपलं नाव सगळ्यांत शेवटी. मग सरांकडं वळून विचारलं, "सर, नीट पुसलं का?"

हा प्रश्न मी आजही झेलू शकत नाही. आठ वर्षांच्या पोरीला तिच्याच हातानं तिचा आनंद पुसायला लावायचा, आणि वर तिनं तो नीट पुसला की नाही याची काळजी करायची! काय शिकवतो आपण? युरोपातल्या नद्यांची नावं मी तिला ओळीनं पाठ करून घेतली होती. त्या नद्यांत पाणी आहे हे सांगायला कुणाची हरकत नव्हती. तिच्या नळाला पाणी आलं, तेवढं मात्र लपवायचं. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "झ्याक पुसलं. जा वर्गात."

पाहुणे आले. तोवर ऊन चढलं होतं. आणि जे व्हायचं तेच झालं. भिजवलेल्या खडूचं अक्षर एका फडक्यात जात नाही. फळा ओला होता तोवर काळाभोर दिसला. वाळायला लागला तशी कार्तिकीची ओळ फिकट, राखाडी, पण अक्षर न् अक्षर पुन्हा वर आली. पाहुण्यांतल्या एक वयस्कर बाई फळ्यापाशी थांबल्या. वरच्या ठळक ओळींकडं त्यांचं लक्षच नव्हतं. तळाशी बोट दाखवून त्यांनी इंग्रजीतून विचारलं, इथं काय लिहिलंय? सगळ्यांत जवळ मी उभी होते. कोऑर्डिनेटर मॅडम माझ्याकडं बघत होत्या. सर माझ्याकडं बघत होते.

मी म्हणाले, "नथिंग."

त्यानंतर पंधरा दिवसांत फळा उतरवून स्टोअररूममध्ये टाकला आणि त्या जागी मोठा चमकता स्क्रीन आला. त्यावर एक सोनेरी केसांचं, सफरचंद खाणारं पोर दिवसभर हसत असतं. ते कुणाचं, कुठल्या गावचं, त्याच्या घरी काय झालं, कुणालाच माहीत नाही. पुढच्या सत्रापासून चित्रकला ऑनलाइन शिकवली जाईल असं ठरलं. एका शनिवारी सरांनी आपल्या कपाटातून रंगांच्या बाटल्या काढल्या, पिशवीत भरल्या आणि ती स्टीलची वाटी तेवढी माझ्या टेबलावर आणून ठेवली. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं, मॅडम. घरी हाय दुसरी." मी उठून उभी राहिले. ते हसले, माझ्या डब्यातली चटणी बोटावर घेतली, आणि त्या दिवशी मीठ कमी आहे असं म्हणाले नाहीत.

निरोपसमारंभ झाला नाही. लेकरांना कुणी काही सांगितलं नाही. सोमवारी बस आल्या, पोरं धावत फाटकाशी आली आणि तोंडात बातम्या घेऊन तशीच उभी राहिली. मंगळवारी तसंच. बुधवारी कार्तिकी माझ्या वर्गाच्या दारात आली. "मॅडम, सर कुठं गेले, ही बातमी कोण लिवणार?"

माझ्या वर्गात स्मार्टबोर्डच्या शेजारी एक जुना फळा आहे. मी वाटीत पाणी घेतलं, खडू बुडवला. माझं अक्षर गिचमिड आहे, 'र' तर बघवत नाही. पण नियम मला माहीत होते. आपली बातमी, खरी, आणि खाली नाव. मी लिहिलं. रशीद सरांना शाळेनं काढलं. फळ्यावर काय लिहिलंय असं मला पाहुण्यांनी विचारलं होतं. कार्तिकीच्या घरी पाणी आलंय, हे मला सांगता येत होतं. मी सांगितलं नाही. जाधव मॅडम, भूगोल.

लिहून झालं तेव्हा फळ्यावर काहीच दिसत नव्हतं. एकाही पोरानं विचारलं नाही की मॅडम, काय लिहिलं. सगळी वाळायची वाट बघत उभी राहिली. त्यांना सवय होती. मग खिडकीतून ऊन आलं. कार्तिकीनं पहिल्यांदा वाचलं, ओठ हलवत, आपल्या नावाशी थांबली, आणि पुढं वाचलं. दुपारी ऑफिसातून निरोप आला, फळा साफ करा. मी कळवलं, शेवटची बस गेल्यावर. दुसऱ्या दिवशी मेमो मिळाला. तो अजून माझ्या पर्समध्ये आहे.

ह्याला आता दोन उन्हाळे झाले. स्क्रीनवरचं पोर अजून तेच सफरचंद खातंय. पण माझ्या वर्गाच्या दारात सकाळी पाच-सहा लेकरं येऊन उभी राहतात, आणि मी वाटी भरून घेते. आपल्यातून उठून गेलेल्या माणसाची जागा बरेच दिवस नुसती ओली, काळी, रिकामी दिसते. तिथं काय लिहिलेलं होतं ते वाळता वाळता, फार उशिरा, वाचता येतं. मला वाचायला उशीर झाला, सर. पण शेवटची बस तेव्हा अजून गेली नव्हती.