सतरावा दिवा

मी एक जुना स्विच आहे. मित्रांनो, मला पंख्याचं बटण समजू नका! ऑफिसातल्या साऱ्या संगणकांच्या आणि फोनच्या तारा ज्या पेटीत एकत्र येतात, ती पेटी म्हणजे मी. माझ्या तोंडावर चोवीस खाचा आणि चोवीस हिरवे दिवे आहेत.

देवगाव फाट्याजवळच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात मला मैथिलीताईंनी बसवलं. त्या परभणीहून आल्या, तीन दिवस टेप घेऊन आवारभर हिंडल्या, नकाशा काढला आणि मगच पहिली तार ओढली. प्रत्येक तारेला त्यांनी चिठ्ठी बांधली. सतरावी तार रुईच्या गोदामातल्या फोनची. तिथलं दार ओढलं गेलं की बाहेरून कडी पडायची. आत अडकलेल्याला तो फोनच आधार. "चिठ्ठ्या काढू नका बरं," असं त्यांनी बजावलं होतं.

पण खंडेनवमी आली. पूजेला यंत्र लख्ख हवं म्हणून कारकून पंडितरावांनी तारा उपसल्या, मळक्या चिठ्ठ्या फेकल्या, मला पुसून हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मी काय मिरवलो! मग त्यांनी आठवतील तशा तारा लावल्या. एक उरली.

"आसंल कायतरी जुनं. राहू द्या," ते म्हणाले. माझा सतरावा दिवा विझला.

महिन्याभराने, भर दुपारी, तो लागला. खाच रिकामी होती आणि दिवा लुकलुकत होता.

"तार न्हाई, अन् दिवा कसा काय लागायलाय?" म्हणत पंडितराव माझ्याजवळ आले. त्यांनी ताईंचा नकाशा उघडला, सतरावर बोट ठेवलं आणि गोदामाकडे धावले. रुई झाडणाऱ्या बायनाबाई आत दाराशीच बेशुद्ध पडल्या होत्या.

शुद्धीवर आल्यावर त्या म्हणाल्या, "लय येळ फोन लावायलते मी. कुनीच बोलंना."

सगळ्यांनी मला हात जोडले. खरं सांगू? तो दिवा मी लावला नव्हता. तारेशिवाय मला तो लावताच येत नाही. तेव्हापासून मला माझीच भीती वाटते.

आता नवा स्विच आला आहे. बसवणाऱ्यांनी घाईत तारा खुपसल्या, चिठ्ठी एकीलाही नाही. एक तार पुन्हा लोंबकळते आहे. मी कपाटावर धूळ खात पडलो आहे. मला वीजसुद्धा नाही.

तरीही मित्रांनो, आज मघापासून माझा सतरावा दिवा लुकलुकतो आहे. खाली सगळे डबे उघडून जेवायला बसलेत. बायनाबाईंचा डबा अजून खिडकीतच आहे.

चिठ्ठ्या मागाहून बांधा. आधी कुणीतरी ते दार उघडा.