दोर्लानचा खुंटा

"आई, पोटच्या पोराला 'तुम्ही' म्हणताना तुझी जीभ अडखळत नाही का गं?"

हा प्रश्न मिरालच्या डोक्यातला नव्हता. तो वसतिगृहातल्या तिच्या मैत्रिणीचा, काविशचा. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी सगळ्या शहरी पोरी तिच्या खाटेवर चढून बसल्या होत्या. "वक्तृत्वात पहिली आलीस ना? मग हे घरी विचारून दाखव." मिराल ऐटीत म्हणाली होती, "त्यात काय." आणि गेले तीन दिवस तो प्रश्न ती लिमलेटच्या गोळीसारखा या गालातून त्या गालात फिरवत होती.

तीन दिवस, कारण सुरगेन भटक्यांच्या तंबूत पाहुणा तीनच दिवस राहतो. आणि या वेळचा पाहुणा म्हणजे दोर्लान, तिचा सख्खा दादा.

आज सकाळी तो गेला. जाताना दाराशी वाकून, पाहुण्यानं म्हणायचं ते म्हणाला, "तुमची चूल धगधगती राहो." आईनं दोन्ही हातांनी सुक्या दह्याच्या वड्यांची पुरचुंडी पुढे केली. "सावकाश जा हं तुम्ही." तीन दिवस तो पाहुण्यांसाठीच्या पांढऱ्या लोकरी नमद्यावर मांडी घालून बसला. मेंढीच्या शेपटाची चरबी सगळ्यात आधी त्याला. काल चूल विझायला आली, तेव्हा सवयीनं त्याचा हात शेणीकडे गेला, तर बाबांनी ती अलगद काढून घेतली. "असू द्या. पाहुण्यांनी कशाला हात काळे करायचे?"

तो आला होता लग्नाचं सांगायला. पौर्णिमेला लग्न, मग तो बायकोच्या माणसांत राहणार, तिकडच्या रांगेत त्याचा नवा खुंटा ठोकणार. "यायला जमलं तर या," म्हणाला. आई म्हणाली, "बघू हं." शेजारणीला म्हणावं तसं.

सुरगेनांत मूल जन्मलं की त्याच्या नावाचा खुंटा तासतात. प्रत्येक मुक्कामी तंबूपुढे घरच्यांचे खुंटे रांगेनं ठोकायचे, ज्याचा घोडा त्याच्या खुंट्याला. मुक्काम हलला की उपटून बरोबर न्यायचे. कुणाशी कायमचं तोडायचं असेल, तर भांडत बसत नाहीत. त्याचा खुंटा तेवढा उपटत नाहीत. तो माणूस पुढच्या मुक्कामी येतो, रांग बघतो, काय ते समजतो आणि घोडा लांब पाहुण्यांच्या खांबाला बांधतो. मागे राहिलेल्या खुंट्याबद्दल कुणी विचारायचं नसतं. म्हणून तर पैज लागली होती. आणि आज दोर्लान गेल्यावर मिरालनं ते विचारलंच.

आईचा हात ताकाच्या बुधल्यावर थांबला.

"शाळेत हेच शिकवतात का?"

"शाळेत नाही. पोरी विचारत होत्या."

"मग बाबांना विचार. खुंटा त्यांनी सोडला. मी दोन वर्षं दातांखाली जीभ धरून बसलेय."

बाबा दाराशी खोगिराचा पट्टा शिवत होते. सुई तशीच राहिली. "मी सोडला?"

"नाही तर कोणी? तो मिठागरावर ट्रक चालवायला गेला, तेव्हा कोण म्हणालं, मला मुलगाच नव्हता म्हणून?"

"रागात म्हणालो. तू तर त्याचा वाडगा फोडलास."

"वाडगा फोडला. पोर नाही टाकलं."

"अगं, मुक्काम हलवताना मी मागे वळून बघितलं. खुंटा बर्फात उभाच होता. मला वाटलं, तू पोरीला सांगितलंस, राहू दे म्हणून. आईनंच ठरवलंय, तर मी काय बोलणार?"

"मी गाडीवर तीनच खुंटे बघितले," आई म्हणाली. "वाटलं, तुमचा हुकूम."

मग दोघंही मिरालकडे बघायला लागली. खुंटे उपटायचं काम घरातल्या धाकट्याचं.

मिरालला आठवलं, आणि आठवू नये असं वाटलं. कोल्गानचा हिवाळी मुक्काम. ती तेरा वर्षांची. शाळेची गाडी भोंगा वाजवत उभी. तीन खुंटे पटकन निघाले. चौथ्याला, दादाच्या खुंट्याला, हिवाळाभर घोडाच बांधलेला नव्हता, त्यामुळे तिथलं बर्फ कुणी तुडवलेलं नव्हतं, गोठून दगड झालं होतं. तिनं दोन लाथा मारल्या. म्हटलं, कढत पाणी आणून ओतावं. तेवढ्यात पुन्हा भोंगा, आणि ती पळाली. उन्हाळ्यात घरी आली तर रांगेत तीनच खुंटे. काविशच्या गळ्यात पडून ती रडली होती, माझ्या बाबांनी दादाला टाकलं म्हणून. स्वतःच्या त्या दोन लाथा तिला आठवल्यासुद्धा नव्हत्या.

"मला कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. वक्तृत्वातला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "तो निघत नव्हता. मी विसरले."

कुणी तिला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

"काल तिसरा वाडगा भरताना त्यानं माझ्याकडे बघितलं," आई बुधल्याशी बोलावं तशी बोलली. "मला वाटलं, आता तो 'आई' म्हणणार. मी घाईघाईनं म्हटलं, 'घ्या ना, संकोच करू नका.' त्यानं मान खाली घातली." तिनं ओढणीचं टोक तोंडात धरलं.

मिराल उठून दाराकडे निघाली. बाबांनी पट्टा बाजूला ठेवला. "सोडलेल्या मुक्कामी परत जायचं नसतं. आता तो खुंटा जमिनीचा झाला."

"मी खुंट्यासाठी जात नाहीये," मिराल म्हणाली. तिनं दारालगतचा लगाम उचलला. "मी मिठागरावर जाते. आजच. शाळा पुढच्या आठवड्यात सुरू होते, माहितीये मला. उशीर झाला तर होऊ दे. दादाला सांगते, आई-बाबांनी तुला टाकलं नव्हतं, मी विसरले. मग तो मला 'मिरे' म्हणू दे, नाहीतर 'या, बसा' म्हणू दे. काय म्हणेल ते ऐकून घेईन. तुमचा घोडा नेतेय, बाबा. माझा इतक्या लांब टिकायचा नाही."