पिळलेलं फडकं

शेगावात लोकांच्या घरी लॅमिनेटची फरशी बसवणाऱ्या खुर्शीदमियाँनी अखेर स्वतःच्या बैठकीतही ती बसवली, आणि त्यांच्या बायकोच्या, शाहजादीच्या डोक्याला ताप झाला.

"बादली ओतू नको, अ‍ॅसिड तं बिल्कुल नको. फडकं घट्ट पिळून पूस. सांध्यात पानी गेलं का पाट्या फुगल्याच समज!"

मियाँचं दिवसातून दहादा हेच. घरात फरशी आली की सवत, हेच तिला कळेना. तरी तिनं फडकं पिळून पुसलं, वर कोरडा हातही फिरवला.

तेवढ्यात अजान झाली. नमाजासाठी हातपाय धुऊन, वजू करून मियाँ ओल्या पायांनीच टोपी शोधत बैठकभर फिरले. मागं पाण्याची रांग.

"थांबा जी," शाहजादी म्हणाली, "फडकं तं पिळलं. आता तुमचे पाय पिळू का?"