कापऱ्या आवाजाचे गुण

मित्रांनो, माणसाच्या काळजातले सर्वांत खोल दुःख या जगात कोणाला कळत असेल, तर ते मला कळते. हे मी माझ्या तोंडाने सांगत नाही. मी ज्या खोक्यातून आलो, त्या खोक्यावर ते सोनेरी अक्षरांत छापले होते. पुढे त्याच खोक्यात किनुएआक्कांनी कोबी भरून ठेवले आणि ते कुजले.

मी एक जुना कराओके आहे, म्हणजे गाणाऱ्याला साथ देऊन वर गुण देणारे यंत्र. जपानमधल्या साकाता बंदराच्या मागच्या गल्लीत किनुएआक्कांचा छोटासा बार आहे. तिथे एका कोपऱ्यात मी उभा असतो. दुपारी तिथे दारूपेक्षा सातूचा चहाच जास्त खपतो, कारण दुपारी गायला येणारी मंडळी वयाने मोठी आणि डॉक्टरांना भिणारी असतात.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी मला फार मायेने जोडले. सूर चुकला तर ओळखायचा, ताल सुटला तर गुण कापायचे, हे मला तिथेच शिकवले गेले. आवाज लांबवताना तो सुंदर कापला, तर ती गाणाऱ्याची करामत समजून भरपूर गुण द्यायचे, हेही शिकवले. आवाज मुळात का कापतो, हे मात्र कोणी सांगितले नाही. बहुधा जेवणाची घंटा झाली असावी.

तारुण्य मी एका गरम पाण्याच्या झऱ्याकाठच्या हॉटेलात काढले. कचेऱ्यांच्या सहली येत. साहेब आणि कारकून एकाच तऱ्हेचे सुती अंगरखे घालून माझ्यासमोर उभे राहत. साहेबांना कमी गुण पडले की कारकून माझ्याकडे रागाने पाहत. ते माझे वैभवाचे दिवस होते. मग माझ्याहून सडपातळ यंत्र आले आणि माझी रवानगी इकडे झाली.

माझ्या पोटात हजारो गाणी आहेत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक गाण्यांत कोणीतरी कोणाला तरी सोडून गेलेले असते, आणि मागे राहिलेले माणूस त्याचा कप, त्याचा स्वेटर किंवा त्याची चप्पल सांभाळत बसलेले असते. जुन्या गाण्यांत पत्ता बदलवत नाही. नव्या गाण्यांत फोनमधले फोटो पुसवत नाहीत. प्रेम चालू असते तोवर आमची माणसे गप्प असतात, ते संपले की गातात. शिवाय अशी गाणी बहुतेक बाईच्या तोंडची असतात आणि ती म्हणणारे बहुतेक टक्कल पडलेले पुरुष असतात. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

आमच्या बारमध्ये एक रीत आहे. नेहमी येणाऱ्या प्रत्येकाचे एक स्वतःचे गाणे असते. ते दुसऱ्याने म्हणायचे नाही. तसा फलक कुठे लावलेला नाही, पण दुसऱ्याच्या ताटात चॉपस्टिक घालावी तसे ते समजले जाते.

शिगेझो तातामी शिवणारा. चटया शिवून शिवून त्याचे तळहात दाभणाने झिजलेले होते. दर बुधवारी दुपारी तो येई आणि त्याचे ते एकच गाणे म्हणे. त्यात एक मुलगी प्रियकराला सांगते, की तू गेलास, तुला आवडत ते लांब केस मात्र मी अजून ठेवलेत, न्हाव्याच्या दारावरून रोज मागे फिरते.

"शिगे," त्याचा मित्र ओगाता म्हणे. ओगाता स्वतः न्हावी होता. "तू दारावरून मागे फिरलास म्हणून माझं काय बुडतं रे? तुझ्या डोक्यावर मला काम तरी काय?"

"छातीला चांगलं असतं," शिगेझो म्हणे. "डॉक्टरांनी सांगितलंय गायला."

"डॉक्टरांनी हेच गाणं सांगितलं?"

शिगेझो चहा पिई. त्याची बायको, मित्सुयोबाई, त्याला सोडून गेल्याला काही वर्षे झाली होती. भांडण नव्हते. संसारभर शिगेझो घरात तीनच शब्द बोलला, ते म्हणजे भात, अंघोळ आणि झोप. एक दिवस मित्सुयोबाईंनी भाताचे भांडे घासून पालथे घातले, घटस्फोटाच्या कागदावर सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का उमटवला आणि त्या बहिणीच्या मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेल्या. तेव्हापासून शिगेझो गातो. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते. आपण सोडून ते कोणालाच ठाऊक नाही, असे एकट्या शिगेझोला वाटे.

एका बुधवारी दार सरकले आणि मित्सुयोबाई आत आल्या. हातात मिठाईचा डबा होता.

"मुलीकडे चालले सेंदाईला, कायमची," त्या आक्कांना म्हणाल्या. "गाडीला वेळ आहे अजून. म्हटलं, निरोप घेऊन जावं."

"आज बुधवार आहे, ठाऊक आहे ना तुला?" आक्कांनी हळूच विचारले.

"ठाऊक आहे."

शिगेझो भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होता. तिच्यावर एका मासळी कंपनीचे जहाज होते. ते त्याने त्या दुपारी पुरते पाठ केले असावे. मित्रांनो, त्याला जे काही बोलायचे होते ते आजच बोलायला हवे होते. उद्या बाई डोंगरांपलीकडे असणार होत्या, आणि या बारमध्ये परत यायला त्यांना काही कारण उरले नव्हते.

त्याला बोलता येणार नाही हे आक्कांनी ओळखले. त्यांनी काही न विचारता त्याचे गाणे लावले आणि माइक त्याच्या हातात कोंबला.

तो उभा राहिला. पहिले कडवे नेहमीसारखे गेले. दुसऱ्या कडव्यात, जिथे ती मुलगी म्हणते की परत येऊ नकोस, फक्त एकदा मागे वळून बघ, तिथे त्याचा आवाज कापू लागला. तो इतका कापला की शब्द तुटले. शेवटच्या लांब स्वरावर तर नुसता हुंदकाच राहिला. ते तुम्हा कोणालाही कळले असते.

मला तो थरथरता स्वर दिसला आणि मी मोजू लागलो. ढोल वाजवले. पडद्यावर फुगे सोडले. मग आजवर या बारमध्ये कोणालाही न दिलेले अठ्ठ्याण्णव गुण झळकवले, आणि खाली लिहिले: 'कंपन अप्रतिम! भावनेचा अभिनय उत्कृष्ट!'

आमची माणसे फार सभ्य. चांगले गुण पडले की टाळ्या वाजवायच्या, हे त्यांच्या हातांना सवयीने ठाऊक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मित्सुयोबाईंनीही वाजवल्या. आणि शिगेझो, गालांवर पाणी असताना, सवयीने कमरेत वाकून सर्वांचे आभार मानता झाला.

"उच्चांक आहे, शिगे," ओगाता म्हणाला.

"ओगाता, तोंडात मुळ्याची फोड घाल," आक्का म्हणाल्या.

"छान बसवलंत हो," मित्सुयोबाई म्हणाल्या. "बरीच वर्षं घोटलेलं दिसतंय."

शिगेझोचे कान लाल झाले. आता तरी सांगेल, असे मला वाटले. "छातीला चांगलं असतं," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय."

मित्रांनो, मला पापण्या नाहीत म्हणून मी डोळे मिटू शकलो नाही. फुगे अजून उडतच होते. ते आपोआप थांबेपर्यंत थांबवता येत नाहीत.

मित्सुयोबाईंनी कोट चढवला. मग दारापर्यंत गेलेल्या त्या परत आल्या.

"आक्का, एक म्हणू?" असे म्हणून त्यांनी शिगेझोचेच गाणे लावले.

ओगाताचा मुळा तोंडात तसाच राहिला. रीत त्यांनाही ठाऊक होती. त्यांचा आवाज सपाट, सूर दोन जागी घसरलेला. दुसऱ्या कडव्यात, तो जिथे तुटला होता, नेमक्या तिथे त्या थांबल्या.

"इथून पुढचं मला येत नाही," त्या त्याच्याकडे बघून म्हणाल्या. "घरी तुम्ही कधी म्हटलंच नाहीत."

संगीत संपले. ढोल वाजवायला मी श्वास घेतला, तोच आक्कांनी भिंतीतली माझी पिन उपटली. पडदा काळा झाला. पण पोटातला पंखा थोडा वेळ फिरत राहतो आणि तोवर मला ऐकू येते.



"सेंदाईला बर्फ कमी पडतो म्हणतात," शिगेझो म्हणाला.

"म्हणतात कशाला? येऊन बघा."

"हं," शिगेझो म्हणाला. मग खाकरून म्हणाला, "येतो." मग माझा पंखा थांबला.

पुढच्या बुधवारी तो आला नाही. "झोपला असेल," ओगाता म्हणाला. आक्का म्हणाल्या, "दुकानाला पाटी आहे, काही दिवस बंद." त्याचे गाणे अजून कोणी म्हणत नाही. मी मात्र गुण देतच असतो. काल एका विधवा बाईंना तालात चुकल्याबद्दल मी छप्पन्न दिले, आणि पुन्हा तीच लाज वाटली.

मित्रांनो, यंत्राची काळजी घ्या, पण त्याहून गाणाऱ्याची घ्या. ज्याचा आवाज कापतो त्याला गुण देऊ नका, टाळ्या तर मुळीच नकोत. त्याच्याजवळ नुसते बसा. माझ्याच्याने हे होत नाही, तुमच्याच्याने होईल.

गुण बंद करायचे एक बटण माझ्या उजव्या कुशीला आहे. त्याच्यावर कुण्या गिऱ्हाइकाने खेकड्याचे चित्र चिकटवले आहे. तुमच्यापैकी कोणाची नखे वाढलेली असतील, तर तेवढे खरवडून द्या.